सॉफ्टवेअरचं नंतर पाहू, आधी थिन सेक्शन

प्रश्न: मी पुण्यात बीएस्सी भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तेल-वायू ज्यात साठतो त्या वालुकाश्मांच्या गुणवत्तेवर काम करायची इच्छा आहे. साठ्यांच्या मॉडेलिंगचा महागडा सॉफ्टवेअर कोर्स आत्ताच लावू का?

उत्तर: एवढ्यात नको. सॉफ्टवेअर नोकरीत रुजू झाल्यावरही शिकता येतं. खडकाची नजर मात्र कॉलेजच्या मायक्रोस्कोपवरच बसते.

एकसारख्या कणांची वाळू साचते तेव्हा तिच्यात सुमारे ४० टक्के पोकळी असते. वरच्या थरांच्या भाराने ती घटते. शेल, फिलाइट अशा चिखलापासून बनलेल्या खडकांचे मऊ तुकडे जास्त असले तर ते चेपून पोकळ्यांत घुसतात. क्वार्ट्झ ताठ राहतो, पण साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याच्या कणांवर सिलिकाची नवी वाढ चढते आणि पोकळ्या बुजू लागतात. कणांवर क्लोराइट या चिकणखनिजाचा (चिकणमातीतल्या खनिजाचा) पातळ, सलग लेप असेल तर ही वाढ अडते. नॉर्वेच्या समुद्राखालच्या काही खोल वालुकाश्मांत सच्छिद्रता, म्हणजे पोकळ्यांचं प्रमाण, त्यामुळेच टिकली. क्लोराइट तारतो, तर इलाइट हे दुसरं, तंतुमय चिकणखनिज घात करतं. त्याचे केसासारखे धागे पोकळ्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटा अडवतात. सच्छिद्रता फारशी घटत नाही, पारगम्यता, म्हणजे तेल-वायू वाहू देण्याची खडकाची क्षमता, मात्र कोसळते. २० टक्के सच्छिद्रता दिसली की ‘उत्तम साठा’ लिहून मोकळे होणारे इथेच फसतात.

म्हणून प्रोजेक्टसाठी पोकळ्यांत निळं रेझिन भरलेल्या, ०.०३ मिमी जाडीच्या थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या खडकाच्या पातळ चकत्या, मिळव. रंग नसेल तर खरी पोकळी कुठली आणि घासताना निखळलेल्या कणाची जागा कुठली, हे सांगणं अवघड जातं. प्रत्येक काचेवर किमान ३०० बिंदू मोज. कण, सिमेंट, कणांमधली मूळ पोकळी आणि फेल्डस्पार हे खनिज विरघळून झालेली पोकळी यांचे रकाने वेगळे ठेव. चिकणखनिजं साध्या मायक्रोस्कोपवर नीट ओळखू येत नाहीत. दोन-तीन नमुन्यांचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखणं) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहणं) करून घे.

पुढे जॅम या प्रवेशपरीक्षेच्या भूशास्त्र पेपरमधून आयआयटीत एमएस्सी, नंतर गेट ही परीक्षा, हा सरळ रस्ता. एमएस्सीत चुनखडकही टाळू नकोस. आपल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा मुख्य साठा चुनखडकातच आहे.

पुण्याभोवती सगळा बेसॉल्ट, तेव्हा नमुन्यांसाठी विदर्भातला कामठी वालुकाश्म गाठ. फक्त उघड्यावरच्या खडकातली काही पोकळी ऊन-पावसाने झालेली असते. ती खोलवरच्या साठ्याच्या हिशेबात धरू नकोस.