नेपाळवर प्रभाव कुणाचा, हे नेमके कुठे बघायचे

तुमचे प्रश्न दोन आहेत. केपी शर्मा ओली 2024 मध्ये नेपाळचे पंतप्रधान झाल्यावर दिल्ली सोडून आधी बीजिंगला गेले आणि बेल्ट अँड रोड या चीनच्या रस्ते-बंदरे उभारणीच्या योजनेच्या आराखड्यावर सही करून आले, म्हणजे नेपाळ भारताच्या हातून गेला का? आणि चीन इतका पैसा ओतत असताना भारताकडे वजन म्हणून उरते तरी काय?

दौऱ्यांच्या क्रमावरून काही ठरवू नका. 2008 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान प्रचंडही आधी बीजिंगलाच गेले होते. 2016 मध्ये ओली रीतसर आधी दिल्लीला आले आणि महिन्याभरात बीजिंगला जाऊन चिनी बंदरांतून माल आणायचा करार करून मोकळे झाले. बेल्ट अँड रोडवर तर नेपाळने 2017 च्या मे महिन्यातच सही केली होती. पुढची सात वर्षे कर्ज घ्यायचे की फक्त अनुदान, यावरच घोडे अडले. डिसेंबर 2024 च्या आराखड्यातही ओलींच्या सत्तेतल्या भागीदार नेपाळी काँग्रेसने कर्जाला विरोध केल्यामुळे दोघांना चालेल असा मोघम शब्द घालावा लागला. ते ओलीही सप्टेंबर 2025 च्या आंदोलनात पायउतार झाले.

माझ्या मते बघायची गोष्ट एकच: नेपाळची वीज, इंधन आणि माल कोणत्या वाटेने जातो-येतो, आणि त्या वाटेवर 'हो' म्हणायचा अधिकार कुणाच्या टेबलावर आहे. त्यातही विजेकडे जास्त लक्ष द्या, कारण आजची खरी रस्सीखेच तिथे आहे आणि आपल्याकडच्या बातम्यांत ती क्वचितच येते.

नेपाळचे बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या नदीवरचे आहेत, मोठा साठा नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते, माघ-फाल्गुनात उत्पादन क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशावर येते आणि भारतातून वीज विकत घ्यावी लागते. खासगी उत्पादकांशी नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे जे करार आहेत, त्यांत ठरलेला दर ओल्या हंगामात युनिटला 4.80 नेपाळी रुपये आणि कोरड्या हंगामात 8.40 असा असतो. यातल्या कित्येक करारांत वीज उचलली नाही तरी पैसे मोजावेच लागतात. त्यामुळे पावसाळ्यातली जादा वीज विकली गेली नाही तर पाणी सांडव्यावरून जाते आणि तोटा प्राधिकरणाच्या वहीत चढतो. चीनच्या बाजूला हिमालय ओलांडून जाणारी मोठी वाहिनी नाही. विक्रीची वाट एकच, दक्षिणेकडची.

आता विक्रीची रीत बघा. नेपाळला 'आमच्याकडे 500 मेगावॉट जादा आहे, घ्या' असे म्हणता येत नाही. एकेका प्रकल्पाचे नाव घालून भारताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. प्रकल्प कुणाच्या मालकीचा, भांडवल कुणाचे, हे सगळे कागदावर द्यायचे. मंजुरी मिळते ती त्या प्रकल्पाला, ठरावीक मेगावॉटची आणि ठरावीक मुदतीची. मुदत संपली की पुन्हा अर्ज. मंजूर झालेली वीज एनटीपीसीच्या व्यापार कंपनीमार्फत इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर आदल्या दिवशी बोली लावून विकतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. दुपारी सौरवीज मुबलक असते तेव्हा भाव पडतो, संध्याकाळी चढतो. यापेक्षा लांब मुदतीचे करारही आता होतात, पण प्रकल्पाची मंजुरी तिथेही चुकत नाही.

मेख वीज आयातीच्या भारताच्या 2021 च्या कार्यपद्धतीत आहे. भारताला लागून सीमा असलेल्या आणि भारताशी वीज सहकार्याचा करार नसलेल्या तिसऱ्या देशाची मालकी प्रकल्पात असेल, तर ती वीज घेतली जात नाही. त्यात चीनचे नाव कुठेही घेतलेले नाही, घ्यायची गरजही नाही. व्यवहारात हा नियम मालकीच्याही पुढे ताणला गेला. 456 मेगावॉटचा अप्पर तामाकोशी हा नेपाळचा मोठा प्रकल्प नेपाळी पैशाने उभा राहिला, पण बांधकामाचे कंत्राट सायनोहायड्रो या चिनी कंपनीकडे होते. भारताच्या मंजुरीच्या याद्यांतून तो वगळला गेला. 2021 च्या अखेरीस पहिली परवानगी मिळाली ती फक्त 39 मेगावॉटची: त्रिशुलीचे 24 आणि देवीघाटचे 15. दोन्ही प्रकल्प भारताच्या मदतीने बांधलेले. तेव्हापासून आकडा वाढत 2024 च्या अखेरीस 900 मेगावॉटच्या वर गेला आणि जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घेण्याचा करारही झाला.

याचा परिणाम कुणाला धमकी न देता होतो. काठमांडूतला विकासक निविदा काढतानाच हिशेब करतो की चिनी ठेकेदार स्वस्त पडेल, पण मग वीज विकायची कुणाला? कर्ज देणारी बँकही तेच विचारते. 750 मेगावॉटच्या पश्चिम सेती प्रकल्पावरून चीनची थ्री गॉर्जेस कंपनी 2018 मध्ये बाजूला झाली आणि 2022 मध्ये तो आपल्या सरकारी जलविद्युत कंपनीकडे, एनएचपीसीकडे, आला. बूढीगंडकी या 1,200 मेगावॉटच्या प्रकल्पाची कथा तर फुटबॉलसारखी आहे: 2017 मध्ये प्रचंड सरकारने चिनी गेझौबा कंपनीला दिला, त्याच वर्षी पुढचे पंतप्रधान देउबांनी काढून घेतला, 2018 मध्ये ओलींनी परत दिला, 2022 मध्ये देउबांनी पुन्हा काढला. इतक्या घडामोडींत धरणाचे काम जिथल्या तिथेच राहिले.

म्हणून भारत जिंकला असे समजू नका. भारतीय कंपन्यांनीही परवाने घेऊन वर्षानुवर्षे बसण्याचे पाप केले आहे. जीएमआर कंपनीला अप्पर कर्णाली जलविद्युत प्रकल्पाचा करार 2008 मध्ये मिळाला आणि पैशाची जुळवाजुळव होता होता दीड दशक उलटले. महाकाली नदीच्या पाण्याबाबतच्या भारत-नेपाळ कराराला 1996 पासून इतकी वर्षे झाली, पंचेश्वर धरण अजून कागदावरच आहे. नेपाळी माणूस चीनला दार उघडतो, त्यामागे हा वैताग मोठा आहे.

भारताची दुसरी चूक 2015 ची. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचे आंदोलन, आणि रक्सौल-वीरगंज नाक्यावर टँकर अडकले. भारत म्हणतो नाकेबंदी आंदोलकांची होती. नेपाळमध्ये ते कुणी मानत नाही. फेब्रुवारी 2016 पर्यंत चाललेल्या त्या टंचाईत चीनने तिबेटच्या सीमेवरच्या केरुंगमार्गे सुमारे 1,000 टन इंधन फुकट दिले. देशाच्या गरजेपुढे ते नगण्य होते, पण लोकांच्या मनावर ठसले, आणि ओलींचे पुढचे राजकारण त्यावरच उभे राहिले. नाक दाबून तोंड उघडायचा प्रयोग होता. तोंड उघडले, पण ते उत्तरेकडे वळून. त्यामानाने 2019 मध्ये सुरू झालेल्या मोतिहारी-अमलेखगंज या 69 किलोमीटरच्या पाइपलाइनने जास्त काम केले. टँकरची रांग संपली आणि कुणाचा अपमानही झाला नाही.

चीनच्या वाटेची अडचण भूगोलाची आहे. तियानजिन बंदर 3,000 किलोमीटरच्या पलीकडे, कोलकाता हजाराच्या आत. भूकंपानंतर चीनकडे जाणारा तातोपानी नाका 2019 पर्यंत बंदच होता. 8 जुलै 2025 च्या पुरात चीन सीमेवरच्या रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. कोविडकाळात चीनने नाके जवळपास मिटले, तेव्हा दसऱ्याचा माल महिनोन्महिने सीमेवर पडून राहिला. पोखराचा विमानतळ 2023 मध्ये सुमारे 21.6 कोटी डॉलरच्या चिनी कर्जातून सुरू झाला. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांची तिथे वानवाच, कर्जाचे हप्ते मात्र सुटत नाहीत. आणि पश्चिमेकडून विमान उतरवायला लागणारे हवाई मार्ग नेपाळ वर्षानुवर्षे भारताकडेच मागतो आहे.

अमेरिका विसरू नका. एमसीसी (मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन) या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेचे 50 कोटी डॉलरचे अनुदान फेब्रुवारी 2022 मध्ये रस्त्यावरच्या दंगलीनंतर संसदेतून पार पडले. चीनने उघड नाराजी दाखवली. त्या पैशातून होणारी 400 केव्हीची वाहिनी बुटवलला पोचते आणि तिथून गोरखपूरला. पैसा अमेरिकेचा असला तरी तार भारताकडेच येते.

रेल्वेचेही तसेच. केरुंग-काठमांडू मार्ग बहुतांश बोगद्यांचा, त्यामुळे खर्चाचे नाव काढले की चर्चा थांबते. रक्सौल-काठमांडूचे सर्वेक्षण आपल्या बेलापूरच्या कोकण रेल्वेने केले आहे. बिहारमधले जयनगर ते नेपाळमधले कुर्था या मार्गावर 2022 पासून धावणाऱ्या डेमू गाड्याही तिनेच पुरवल्या. पण रक्सौलच्या मार्गाला पैसा कोण घालणार, याचा निर्णय झाल्याखेरीज त्याला मोजू नका. तोवर दरवर्षी पावसाळ्याआधी किती मेगावॉटच्या मंजुऱ्या नव्या झाल्या आणि त्या यादीत कोणते प्रकल्प नाहीत, एवढे बघत राहा.