वंशावरून काढलेलं अर्कचित्र आक्षेपार्ह असतं का?

स्नेहसंमेलनासाठी वर्गातल्या सगळ्यांची अर्कचित्रं, म्हणजे चेहऱ्याची वैशिष्ट्यं ताणून काढलेली चित्रं, काढायची आहेत, त्यात दोन आफ्रिकी मुलं आणि एक मणिपुरी मुलगी आहे. जाड ओठ, मिचमिचे डोळे काढले तर बिघडलं कुठे, अतिशयोक्ती तर असतेच, असं तुम्ही विचारलंय.

बिघडतं. अतिशयोक्ती कुणाची, हा मुद्दा आहे. आर. के. लक्ष्मण इंदिरा गांधींच्या केसांतली पांढरी बट ठळक काढायचे. ती बट त्यांचीच होती. कोळशासारखा चेहरा आणि त्यात पांढरे जाड ओठ मात्र कुणाचेच नसतात. १९व्या शतकात अमेरिकेतले गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे, त्यांच्या रंगभूषेतून तो साचा छापील चित्रांत उतरला. तो वापरलात तर समोरचा मुलगा कागदावर येतच नाही.

आपल्याला हे कसं लागतं ते आठवा. २०१४ मध्ये मंगळयान पोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने व्यंगचित्र छापलं: अंतराळवाल्यांच्या क्लबचं दार ठोठावणारा फेटेवाला शेतकरी, सोबत गाय. संपादकांना माफी मागावी लागली. धोतर तर लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनलाही आहे. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसमध्ये त्याचा पुतळा आहे, जाऊन नीट बघा. चौकड्यांचा कोट, चष्मा, ब्रशसारख्या मिशा: तो एक विशिष्ट माणूस आहे. गायवाला शेतकरी कुणीच नव्हता, आपल्या सगळ्यांवर मारलेला शिक्का होता.

आता कामाचं. प्रत्येकाचे तीन फोटो घ्या: समोरून, पाऊण बाजूने, हसताना. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढं अंतर, चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळे, या मापाशी चेहरा ताडून पाहा आणि सगळ्यात वेगळ्या दोन, फार तर तीन गोष्टीच ताणा. नेमकी चूक इथेच होते. दोन्ही आफ्रिकी मुलांची तुलना पुणेरी चेहऱ्याशी केली की दोघांना एकच ओठ मिळतात. त्यांची तुलना एकमेकांशी करा. मग एकाचं रुंद कपाळ दिसेल, दुसऱ्याची लांब मान.

त्वचेसाठी काळी शाई सपाट भरू नका. नाक, गाल, जबडा त्यात बुडतात, डोळे आणि दातच उरतात, आणि नको असलेला साचा आपोआप तयार होतो. राखाडीच्या दोन-तीन छटा किंवा तिरक्या रेघांची जाळी वापरा. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा इथे उजेड ठेवा. खालच्या ओठावर उजेड पडतो, म्हणून तो वरच्यापेक्षा फिका.

मणिपुरी मुलीचे डोळे म्हणजे दोन तिरक्या रेघा नव्हेत. वरच्या पापणीची घडी नाकाकडच्या कोपऱ्यावर कशी उतरते ते पाहा, बुबुळ काढा. आणि तिची खरी खूण डोळ्यांत नसेलही, हनुवटीत किंवा हसण्यात असेल.

सगळ्यांना सारखंच ताणा. २०१८ मध्ये कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सवरच्या एका ऑस्ट्रेलियन व्यंगचित्रावर जगभर टीका झाली, त्यात ती अक्राळविक्राळ होती आणि तिची प्रतिस्पर्धी, जपानी-हैतियन नाओमी ओसाका मात्र साधी, गोरी, सोनेरी केसांची.

शाई चढवण्याआधी नाव झाकून पेन्सिलचं चित्र वर्गात दाखवा. ‘आफ्रिकी मुलगा’ एवढंच ओळखलं आणि कोणता ते सांगता आलं नाही, तर खोडून पुन्हा काढा. नंतर ज्याचं चित्र आहे त्यालाही दाखवा. तो नको म्हणाला तर ते लावू नका.