क्लबच्या शर्यतींचा अनुभव महासागर ओलांडायला पुरतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: काही हंगाम क्लबच्या शर्यतींत हौसेने शिडाची बोट चालवली आहे, आता चार मित्र मिळून 36 फुटांची जुनी बोट घेऊन महासागर पार करायचा बेत आहे, तर शर्यतीचा अनुभव किती कामाला येईल आणि तयारी कुठून सुरू करावी?

शर्यतीत कमावलेलं कसब भरपूर कामाला येतं. शिडाला नेमका ताण देणं, झोत यायच्या आधी पाण्यावरचा काळपट पट्टा ओळखणं, अंधारात न बोलता एकमेकांच्या हातातला दोर घेणं, हे सगळं तुमच्याजवळ आहे. कधीच शर्यत न केलेल्या पुष्कळ लोकांना बोट वाऱ्याविरुद्ध नीट चढवता येत नाही. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल आणि इंजिन बंद पडलं असेल तर जीव वाचवणारं कसब तेच असतं. त्यामुळे 'आम्ही फक्त हौशी' असं मनात आणू नका.

पण शर्यतीने एक सवयही लावलेली असते, आणि ती समुद्रात घेऊन जायची नाही. बोटीला तिच्या ताकदीच्या टोकापर्यंत ताणायची सवय. दोन तासांच्या शर्यतीत काही तुटलं तर शर्यत जाते आणि कुणीतरी ओढून धक्क्याला आणतं. किनाऱ्यापासून हजार मैलांवर तीच वस्तू तुटली तर ती तुम्हालाच, जवळच्या सामानातून, हेलकावणाऱ्या डेकवर बसून दुरुस्त करायची असते. म्हणून मी तयारीची सुरुवात खरेदीच्या यादीने करत नाही. आधी बोट राखून चालवायला शिका.

शीड आखूड करण्यापासूनच (यालाच रीफ घेणं म्हणतात) बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 15 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा 21 नॉट झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट होतो, आणि वाऱ्यासोबत धावताना हे अंगाला कळतच नाही. खरा वारा 22 नॉट असेल आणि बोट 7 नॉटने त्याच दिशेला पळत असेल, तर कॉकपिटमध्ये बसलेल्याला जेमतेम 15 नॉटची झुळूक लागते. सगळे मजेत असतात. मग काही कारणाने बोट वळवून वाऱ्याच्या तोंडावर आणावी लागते, आता बोटीचा वेग वाऱ्यात मिळतो, अंगावर पंचवीसच्या वर वारा येतो आणि तेवढं मोठं शीड आवरता आवरत नाही. शर्यतीत आपण 'अजून थोडं थांबू' म्हणतो. समुद्रात रीफ घ्यावा का हा विचार पहिल्यांदा मनात आला की लगेच घ्यायचा, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत एक रीफ जास्तच. वेग थोडा जातो, पण खाली झोपलेले दोघे खरोखर झोपतात. मेनसेलला, म्हणजे मुख्य शिडाला, तिसरा रीफ नसेल तर तो शिवून घ्या. आणि रीफ घेण्याचा सराव रात्री, पावसात, हार्नेस (अंगावरचा सुरक्षापट्टा) लावून, फक्त दोघांनी करून बघा, कारण प्रत्यक्षात बाकीचे दोघे झोपलेलेच असतील.

दुसरी गोष्ट घासण्याची. शर्यतीतल्या माणसाला हिची कल्पनाच नसते, कारण तिथे दोर एका जागी घासला जायला वेळच मिळत नाही. लांबच्या प्रवासात मात्र तेच शीड, त्याच कोनात, आठवडाभर उभं असतं. डोलकाठीच्या टोकाला जिथे हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, चाकावरून वळतो, नेमका तेवढाच तुकडा दिवसरात्र मागेपुढे होत राहतो. आधी दोराचं बाहेरचं विणकाम मऊ होऊन लव सुटल्यासारखं दिसतं, मग आतला गाभा डोकावतो, आणि एका पहाटे शीड पाण्यात असतं. यावर उपाय जुना आणि साधा आहे: रोज हॅलयार्ड वीतभर ढिला किंवा ताठ करायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. निघताना प्रत्येक हॅलयार्ड दोन-तीन हात जास्त लांब ठेवा, म्हणजे टोक खराब झालं तर कापून परत बांधता येतं.

मी रोज उजाडल्यावर चहाच्या आधी डेकवर एक फेरी मारतो. घाई न करता, नजर खाली ठेवून. एका लांबच्या प्रवासात अशाच फेरीत डोलकाठीच्या पायाशी, पाणी वाहून जायच्या पन्हळीत, एक छोटी स्प्लिट पिन पडलेली दिसली. करंगळीच्या नखाएवढी. समुद्र शांत होता, बोट छान चालली होती, सगळं जागच्या जागी दिसत होतं. पण पिन आभाळातून पडत नाही. आम्ही दोघांनी खालपासून वरपर्यंत एकेक सांधा बोटाने चाचपला, तेव्हा बूम (मेनसेलच्या खालचा आडवा दांडा) जिथे डोलकाठीला जोडलेली असते तिथला मुख्य खिळा अर्धा वर सरकलेला सापडला. ठोकून बसवला, नवी पिन घातली, टोकं वाकवून वर टेप गुंडाळली. पाच मिनिटांचं काम. तो खिळा रात्रीच्या जोराच्या वाऱ्यात निसटला असता तर मोकळी बूम कॉकपिटवरून फिरली असती. म्हणून माझ्या बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो की डेकवर सापडलेली कुठलीही वस्तू, वॉशर असो की प्लॅस्टिकचा कपचा, फेकायची नाही. ती कुठून आली हे आधी शोधायचं.

बोट जुनी आहे म्हणता, तर डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत हे आधी शोधून काढा. स्टेनलेसच्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील किंवा त्यांचं वय कुणालाच सांगता येत नसेल, तर बदलून टाका. यात काटकसर करू नका. तारेवरून कापूस फिरवून बघा. एखादा तंतू तुटलेला असेल तर कापूस अडकतो. डोलकाठी कोसळलीच तर ती बाजूला लोंबकळत बोटीच्या पोटावर आपटत राहते आणि भोक पाडू शकते, त्यामुळे तारा कापायचं अवजार हाताशी हवं. ते धक्क्यावर एकदा जुन्या तारेच्या तुकड्यावर चालवून बघा. पुष्कळांचा कटर तार नुसती चावतो.

सुकाणूचंही तसंच. महासागरात बोटी सोडून द्याव्या लागतात त्याच्या नेहमीच्या कारणांत सुकाणू निकामी होणं येतं. मागे एक ड्रोग (पाण्यात ओढून बोटीचा वेग रोखणारं साधन) ओढत, त्याचे दोन दोर दोन बाजूंच्या विंचवर (दोर ताणायच्या फिरकीवर) घेऊन बोटीला दिशा देता येते; पण हे चांगल्या हवेत करून पाहिलेलं असेल तरच वाईट हवेत जमतं. आपोआप दिशा धरणाऱ्या यंत्राबद्दल माझं ठाम मत आहे की वाऱ्यावर चालणारं विंडवेन बसवा. त्याला वीज लागत नाही. तरी त्याच्यावरही पूर्ण विसंबू नका. 1968-69 च्या पहिल्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं असं यंत्र अर्ध्या वाटेत निकामी झालं, तेव्हा त्यांनी शिडांचा तोल साधून बोट आपली आपण चालेल असं केलं. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच. त्यांची 'सुहेली' मुंबईत सागवानात बांधलेली, जेमतेम 32 फुटांची. तुमच्या बोटीहून लहान. शिडांचा तोल साधायला तुम्ही शर्यतीत शिकलेलंच लागतं, फक्त हेतू निराळा.

आता वादळ. बोट 'उभी करणं' तुम्हाला येतं का? शर्यतीत त्याची गरज पडत नाही, म्हणून चांगल्या चांगल्या लोकांना येत नाही. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला फुगलेलं, मेनसेल रीफ घेतलेलं, सुकाणूचा दांडा वाऱ्याआडच्या बाजूला बांधलेला. बोट एकदम शांत होते आणि हळूहळू बाजूला सरकत राहते. त्यात स्वयंपाक होतो, दुरुस्ती होते, झोपही होते. प्रत्येक बोटीचं गणित वेगळं असतं, लांब उभ्या कील (बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं) असलेल्या जुन्या बोटी छान उभ्या राहतात, अरुंद खोल कीलवाल्या कुरकुरतात. 20-25 नॉटमध्ये अर्धा दिवस खर्च करून तुमच्या बोटीचं गणित बसवा.

1979 च्या, इंग्लंडहून सुटणाऱ्या फास्टनेट शर्यतीबद्दल ऐकलं असेल. 303 बोटी निघाल्या, वादळात 15 स्पर्धकांचा जीव गेला. 24 बोटी लोकांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगत्या सापडल्या. काही जणांचे प्राण तर फुगवायच्या जीवरक्षक राफ्टमध्ये उतरल्यामुळे गेले. बोट पायाखालून जात नाही तोवर बोट सोडायची नाही हा धडा तिथून पक्का झाला. त्याच घटनेनंतर डोनाल्ड जॉर्डन यांनी दोराला ओळीने छोटे शंकू लावलेला ड्रोग विकसित केला, जो मागच्या बाजूने सोडला की बोट लाटेवरून घसरून आडवी पडायची शक्यता खूप कमी होते. हलक्या जुन्या बोटीवर तो असावाच असं मी म्हणेन.

राफ्टची खरोखर वेळ येते तेव्हा मात्र मिनिटंच हातात असतात. नोव्हेंबर 2022 मध्ये, नव्याने सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची बोट दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला बघता बघता बुडाली. संकटाचा इशारा देणाऱ्या बीकनचा संदेश गेला होता, राफ्ट उघडता आला, आणि त्याच शर्यतीतल्या कर्स्टन नॉयशेफर यांनी वाट वळवून त्यांना उचललं. (पुढे ती शर्यत त्यांनीच जिंकली, आणि भारताचे अभिलाष टॉमी दुसरे आले.) हेच टॉमी 2018 मध्ये डोलकाठी मोडून, पाठीला जबर मार लागून दक्षिण हिंदी महासागरात पडून होते, आणि त्यांच्यापर्यंत मदत पोचायला तीन दिवस लागले होते. तीन दिवस तग धरता येईल अशी तयारी लागते ती यामुळे. बीकन तुमच्या बोटीच्या नावावर नोंदवलेला आहे का, बॅटरीची आणि राफ्टच्या तपासणीची तारीख उलटलेली नाही ना, हे बघायला एक दुपार पुरते.

पाण्यात पडलेला माणूस रात्री परत सापडेल असं गृहीत धरू नका. पडायचंच नाही अशी व्यवस्था हवी. डेकवरचे जॅकलाइन (ज्यांना हुक अडकवून पुढेमागे जायचं ते पट्टे) चपट्या पट्ट्याचे आणि शक्य तितके मधल्या रेषेजवळ बांधा. गोल दोर पायाखाली लाटण्यासारखा फिरतो. टेदर (हार्नेसला जॅकलाइनशी जोडणारा पट्टा) आखूड ठेवा, म्हणजे माणूस कठड्याच्या आतच अडतो. 2017 मध्ये एका हौशी जगप्रदक्षिणा शर्यतीत टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, आडवा ताण येऊन वाकला आणि सुटला. तो खलाशी वाचला नाही. तेव्हा हुक लावताना तो कुठे अडकू शकेल हेही बघायची सवय लावा. जागतिक सेलिंग संघटनेची खुल्या समुद्रातल्या शर्यतींसाठीची सुरक्षानियमावली सगळ्यांना मोफत वाचता येते. तुम्ही शर्यतीत नसलात तरी त्यातली लांब पल्ल्याची श्रेणी उघडून एकेक कलम आपल्या बोटीवर तपासा. मला त्याहून चांगली यादी माहीत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. कॅनरी बेटांतून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला जायचा अटलांटिकचा नेहमीचा मार्ग सुमारे 2700 सागरी मैलांचा आहे. तुमच्यासारखी बोट सरासरी साडेपाच नॉटने गेली तर साधारण 20-21 दिवस. चौघांना माणशी रोज 4 लिटर, 25 दिवसांचे 400 लिटर. ते दोन टाक्यांत आणि काही कॅनमध्ये विभागून न्या, म्हणजे एक टाकी खराब झाली तरी बाकीचं पाणी वाचतं. खारं पाणी गोडं करणारं यंत्र असेल तरीही हे 400 लिटर हवेतच.

मला सगळ्यात जास्त काळजी माणसांची वाटते. शर्यतीत सगळे सतत जागे असतात, ओरडतात, आणि संध्याकाळी घरी जातात. इथे तीन तासांची पाळी, मग झोप, परत पाळी, असं तीन आठवडे चालतं. पहिले तीन दिवस बहुतेकांना बोट लागते. गोळ्या घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून जमिनीवरच घेऊन बघा, काहींनी इतकी गुंगी येते की पाळी करता येत नाही. चौघांपैकी अंतिम निर्णय कुणाचा हे निघायच्या आधी ठरवा, मित्र असलात तरी. खरं तर मित्र आहात म्हणूनच. आणि परतीच्या विमानाची तिकिटं काढून ठेवू नका. ठरलेली तारीख गाठायची म्हणून लोक नको त्या हवेत निघतात. कॅनरी ते सेंट लुसिया ही अटलांटिकची वारी नोव्हेंबरच्या शेवटी सुटते, कारण तोवर चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो आणि व्यापारी वारे बसायला लागतात. तुमचा मार्ग कुठलाही असो, आधी हंगाम बघा, मग रजा टाका.

वर्षभर हातात असेल तर पहिले काही महिने बोट दुरुस्तीला द्या. मग चौघांनी मिळून आधी एक रात्र, मग सलग तीन-चार रात्री, किनारा दिसणार नाही इतक्या लांब जाऊन या. दुसऱ्या रात्री जे बिघडतं, गळतं, आणि ज्यावरून भांडण होतं, ती तुमच्या कामांची खरी यादी. जमलं तर त्याआधी कुणा अनुभवी स्किपरच्या बोटीवर क्रू म्हणून एखादा लांबचा पल्ला करा, चौघांपैकी निदान दोघांनी.

बोटीचं बांधणीचं साल, कील कुठल्या प्रकारची आहे आणि कुठून कुठे जायचा विचार आहे ते खाली लिहा. वादळी शिडांचं माप आणि ड्रोगला किती शंकू लागतील, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.