रिकामा डबा

प्रिय ईरा,

रविवारी विचारलेला प्रश्न तू एव्हाना विसरलीही असशील. शेजारच्या आजींनी कुंपणावरून आइस्क्रीमच्या डब्यात लिंबं दिली होती. तो डबा परत करायला तू निघालीस आणि मी म्हटलं, थांब, आई नारळाच्या वड्या करतेय, चार घालून ने. तू म्हणालीस, "बाबा, त्यांच्या झाडाला जास्त लिंबं आली म्हणून त्यांनी दिली. आपण लगेच काहीतरी परत करतो ते पैसे चुकते केल्यासारखं वाटतं. आपल्याला कुणाकडून नुसतं घेता येत नाही का?"

"आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत," एवढंच मी बोललो. ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं. म्हणून लिहितोय. शनिवारच्या मराठी शाळेमुळे तुला हे वाचता येईल, जोडाक्षरात अडलीस तर आईला विचार.

साताऱ्याचा वाडा तू फक्त त्या एका फोटोत पाहिला आहेस, माईआजी चौकात तांदूळ निवडत बसलीये तो. सहा बिऱ्हाडं आणि चौकात एक नळ. कुणाकडे काही वेगळं शिजलं की वाटीभर सगळीकडे जायचं. पोचवायचं काम माझं. वाटीवर ताटली झाकलेली, वरून माईआजीची ताकीद, "सांडू नकोस आणि वाटेत खाऊ नकोस." वाट्या सगळ्यांच्या सारख्याच, म्हणून भांड्यांच्या दुकानातून त्यांवर नाव घालून आणायचे. आपल्या कपाटातल्या त्या जुन्या वाटीवरचे ठिपके म्हणजे काय, असं तू विचारलं होतंस ना? बोटाने चाचपून बघ, "शां. ब. कु." असं लागेल. ते आपलं नाव नाही. समोरच्या काकूंचं आहे. वाडा पाडायचं ठरलं, सगळे पांगले, आणि त्या गडबडीत त्यांची वाटी आमच्याकडेच राहिली. माईआजीला शेवटपर्यंत त्याची चुटपुट होती.

मी दहा वर्षांचा असताना आजोबांच्या कारखान्याला टाळं लागलं. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण डबे वाजायला लागले की मुलांना कळतंच. श्रावणात काकूंकडून पुरणाची वाटी आली. परत करताना एरवी निदान चिमूटभर साखर तरी पडायची. त्या दिवशी माईआजीने साखरेचा डबा उलटा करून तळाशी थाप मारली, मग तांदळाचा उघडला, मग दोन्ही परत लावून टाकले. चौकात जाऊन जास्वंदीची पाच फुलं तोडली आणि वाटीत ठेवली. "म्हणावं, देवाला वाहा." मला लाज वाटली. फुलं तर काकूंच्याही दारात होती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पातेलंभर आमटी-भात पाठवला. म्हणे, पाहुणे येणार होते, आलेच नाहीत. असे न आलेले पाहुणे मग महिनाभर चालले. रिकामी वाटी गेली असती तर त्यांना काही कळलं नसतं, विसरली असेल असं वाटलं असतं. फुलं गेली म्हणून कळलं. ना माईआजीला काही मागावं लागलं, ना काकूंना काही विचारावं लागलं.

म्हणून मला ते फेडल्यासारखं कधी वाटलं नाही. फेडलं की हिशेब मिटतो, तिथे तो कुणाला मिटवायचाच नव्हता.

पण ईरा, मी तुला फक्त गोड तेवढंच सांगतोय. त्या वाट्या ज्या घरांतून भरून निघायच्या, तिथे शिजवायच्या बायका, मी नुसता हमाल. आणि बोळ झाडायला येणाऱ्या मावशींना आमच्याकडून खायला मिळायचं ते त्यांच्या स्वतःच्या भांड्यात, वरून घातलेलं. आमची वाटी त्यांच्या घरी कधी गेली नाही, त्यांची आमच्याकडे आली नाही. तेव्हा मला ते दिसलंसुद्धा नाही. आता त्या वाड्याची आठवण काढतो तेव्हा त्या मावशीही दारात उभ्या असतात.

आणि इथलं, ऑस्ट्रेलियातलं. 2009 च्या डिसेंबरमध्ये, तुझ्या जन्माच्या आधी, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीच्या निरोपात लिहिलं होतं, "ब्रिंग अ प्लेट". आम्हाला वाटलं ताटल्या कमी पडत असतील. आईने स्टीलच्या दोन घासूनपुसून घेतल्या. तिथे पोचलो तर टेबलावर प्रत्येकाने आणलेली, फॉइल झाकलेली ताटं. प्लेट आणा म्हणजे काहीतरी करून आणा, ही इथली जुनी रीत. कुणी काही बोललं नाही, उलट आग्रह करकरून वाढलं. पण आईने त्या ताटल्या पिशवीतून बाहेर काढल्या नाहीत आणि काही खाल्लंही नाही. जन्मात कधी रिकामी वाटी घेऊन कुणाच्या दारात गेलो नव्हतो, आणि इथे पहिल्याच वर्षी रिकामं ताट. ती लाज माझ्यात अजून आहे. तू म्हणतेस तसं माझं फेडणं बहुधा तिथून सुरू झालं असावं. या देशात कुणाचं काही अंगावर नको, कुणी म्हणायला नको की हे नुसतं घेतात.

लॉकडाऊन तुला आठवतं, तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. 2020 चा ऑगस्ट, रात्री आठ ते पहाटे पाच बाहेर पडायचं नाही, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. दोन वर्षांत मिळून मेलबर्नने असे 262 दिवस काढले. आजींचा मुलगा पर्थला, त्याला येता येईना. त्या कुंपणाच्या खांबावर लिंबं ठेवायच्या, जाड सालीची, आपल्या कागदी लिंबाच्या दुप्पट. आपण तिथेच खिचडीचा डबा ठेवायचो. पहिल्यांदा तो डबा परत आला तेव्हा रिकामा होता. मी दोन दिवस मनात कुढत होतो, खिचडी आवडली नसेल, आपण आगाऊपणा केला असेल. मग तूच आत येऊन सांगितलंस की झाकणाचा हळदीचा डाग जावा म्हणून आजींनी ते तीन दिवस उन्हात ठेवलं होतं. मेलबर्नच्या हिवाळ्यात, जेवढं ऊन पडेल तेवढ्यात, सरकवत सरकवत. मी झाकण हातात घेऊन पाहिलं. नव्यासारखं पांढरं. त्या डब्याला रिकामा कसा म्हणू?

तू त्यांना नावाने हाक मारतेस आणि त्यांच्या स्वयंपाकघरात सरळ शिरतेस. मला अजून ते जमत नाही, मी कुंपणाशीच थांबतो. नुसतं घेणं तुला येतं, याचा मला आनंदच आहे. थोडी धास्तीही आहे, ती माझी मला राहू दे.

आइस्क्रीमचा डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. तसाच न्यायचा असेल तर ने, मी काही म्हणणार नाही. वड्या फ्रिजमध्ये आहेत, घरच्यासाठीच केल्यात. झाकण एका बाजूने सैल झालंय, तेवढं दाबून लाव.

तुझा,
बाबा