मणक्याच्या ऑपरेशनला जाताना

ताई, तुमच्या लेकीच्या ऑपरेशनला काय तयारी करायची ते विचारलंत, म्हणून हे. माझ्या लेकीच्या स्कोलिओसिसच्या, म्हणजे वाकड्या झालेल्या पाठीच्या कण्याच्या, ऑपरेशनआधी आम्ही कोल्हापुरात महाद्वार रोडवरून दोन पिशव्या खरेदी केली, निम्मी तशीच परत आली. उपयोगी पडले ते पुढून बटणांचे सैल गाऊन, लांब वायरचा चार्जर आणि वाकणारे स्ट्रॉ. आडवं पडून पेल्यानं पाणी प्यायलं की सगळं मानेवरून उशीत जातं. केसांच्या दोन वेण्या घाला, एकच घातली तर गाठ डोक्याखाली टोचते.

खरी तयारी घरीच करा: खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोटल्यासारखं कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या जोरावर उठायचं. आठवडाभर रोज करून घ्या. ऑपरेशननंतर तसंच उठवतात.

आमच्या चुका:
- दुखणं असह्य होईपर्यंत सांगितलंच नाही. नर्सला आधीच सांगा.
- दुखणं थांबवायच्या औषधांनी पोट साफ होत नाही, ते चौथ्या दिवशी कळलं. पहिल्याच दिवशी विचारा.
- कोल्हापुरी चप्पल नेली. फरशीवर घसरते! रबरी तळाची, मागं पट्टा असलेली न्या.
- पाहुणे. तांबडा रस्सा घेऊन आले, पोरगी वासानंच उलटीला आली.

कण्यात बसवतात त्या रॉड, स्क्रूचं एवढ्यात वाचत बसू नका. आधी वेण्या घालायला शिका.