सिगारेट सोडून व्हेपवर (ई-सिगारेटवर) आल्यावर तीन आठवड्यांनी दोन सिगारेटी ओढल्या, सगळं वाया गेलं का?

नाही. दोन ओढल्यात, त्या दोनच राहू द्या. उरलेलं पाकीट मात्र आजच फेका, 'संपवून टाकतो' म्हणू नका.

अशा वेळी निर्धार नव्हे, बहुतेकदा निकोटीन कमी पडतं. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला मिलिलिटरमागे ३ मिलिग्रॅम निकोटीन असलेलं व्हेपचं लिक्विड सहसा पुरत नाही. मीही तिथूनच सुरुवात केली होती. दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांवर डाफरून व्हायचं. प्रमाण वाढवल्यावर तलफ आटोक्यात आली. झुरका सावकाश घ्या, सिगारेटसारखा घाईने नको. आणि जळकी चव आली तर व्हेपमधली लिक्विड तापवणारी कॉइल बदला (या फालतू कारणानेही माणसं परत सिगारेटकडे वळतात).

ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वर्षभराने व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, निकोटीनचे पॅच-गम वगैरे वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. म्हणजे सरस ठरलेल्या गटातही पाचातले चार जण अडखळलेच.

व्हेप निरुपद्रवी नाही, ते पुढे सोडायचंच आहे. पण आधी सिगारेट पूर्ण बंद करा. दोन्ही चालू ठेवलं तर फायदा जवळजवळ शून्य.