दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही? आधी कान तपासा

ताई, "मुलगे उशिराच बोलतात" ऐकून थांबू नका, आम्ही त्यातच वर्ष घालवलं. आधी ऑडिओलॉजिस्टकडे कान तपासा, टाळी वाजवल्यावर वळून बघतो म्हणजे सगळं नीट ऐकू येतं असं नसतं, बेरा टेस्ट (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी तपासणी) झोपेत करतात, दुखत नाही. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची संस्था आहे, सरकारी. पुढे स्पीच थेरपिस्टकडे गेलात तर त्यांचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन विचाराच.

आणि खरं काम घरीच होतं हो, त्याने कप दाखवला की "चहा? चहा हवा?" म्हणायचं आणि मग मनात दहा आकडे मोजत गप्प बसायचं, ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं बघा... "बोल ना, बोल ना" अजिबात नको. आणि मराठी सोडा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही.